विष उतरले, मग ताप कशाचा? अतिदक्षता विभागातील जीवाणूंविषयी

पोळा सरला की विदर्भातल्या कपाशीच्या वावरांत फवारणीचा जोर वाढतो आणि त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले, तेव्हा हा विषय देशभर गाजला. कीटकनाशकांची मिश्रणे, पाठीवरचे पंप, हातमोजे, मास्क यांविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि अजूनही दर हंगामात थोडेफार लिहिले जाते. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांना पडणारा एक प्रश्न मात्र त्या लेखनात सहसा येत नाही.

तिशीतला धडधाकट माणूस विषबाधेने भरती होतो. श्वास अपुरा पडतो म्हणून त्याला व्हेंटिलेटर लावतात. चौथ्या दिवशी डॉक्टर सांगतात की विषाचा अंमल ओसरतो आहे आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. सहाव्या दिवशी ताप चढतो, रक्तदाब घसरतो, औषधे बदलली जातात; आणि दहाव्या दिवशी मृत्यूच्या दाखल्यावर ‘सेप्टिक शॉक’ असे दोन अनोळखी शब्द येतात. “जहर उतरलं म्हणता, मंग हा ताप कायचा?” रक्त, लघवी आणि छातीतला स्राव यांच्या नमुन्यांतून जीवाणू वाढवून ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले, तेव्हा रिपोर्टच्या खिडकीपलीकडून हा प्रश्न अनेकदा ऐकला. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा संशय असतो, आणि तो अगदीच निराधार नसतो, हेही पुढे येईल.

गोठ्यातला बैल आणि वावरातला बैल

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सजीव. ते खातात, वाढतात, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्यांच्यातल्या काही जाती वीस-पंचवीस मिनिटांत एकाचे दोन होतात. विषाणू हा वेगळा प्रकार आहे. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाही. सर्दी, फ्लू, डेंगी आणि करोना हे विषाणूंचे आजार आहेत. जीवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाला प्रतिजैविक म्हणतात, आणि विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. हा भेद येथेच पक्का करून घ्यावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

बहुतेक जीवाणू आपले वैरी नसतात. आपल्या शरीरात जितक्या स्वतःच्या पेशी आहेत, साधारण तितकेच जीवाणू आतडी, तोंड, नाक आणि कातडी यांवर नांदत असतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि जागा अडवून ठेवल्यामुळे घातक जातींना सहजासहजी बस्तान बसवू देत नाहीत. गोठ्यात बांधलेला बैल घराचा आधार असतो. तोच दावे तोडून रात्री हरभऱ्यात शिरला तर सकाळपर्यंत वावर साफ होते. आतड्यातला ई. कोलाय नावाचा जीवाणू आतड्यात असतो तोवर बहुधा निरुपद्रवी असतो, मूत्राशयात किंवा रक्तात पोहोचला की तोच जिवावर उठतो. अतिदक्षता विभागातील संसर्गाचा मोठा भाग असा आहे: जीवाणू ओळखीचाच असतो, पण त्याची जागा बदललेली असते.

घरून आलेला आणि आत लागलेला

डॉक्टर या संसर्गांची दोन गटांत विभागणी करतात आणि त्यासाठी ४८ तासांची सीमारेषा वापरतात. भरती होताना जो संसर्ग शरीरात होता किंवा शिरत होता, तो बाहेरचा. भरती झाल्यावर ४८ तासांनंतर जो दिसू लागला, तो बहुधा रुग्णालयात लागलेला. रेषा थोडी ढोबळ आहे, पण उपचार ठरवताना तिचा फार उपयोग होतो, कारण दोन्ही गटांतले जीवाणू वेगळे असतात.

बाहेरच्या गटात न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जुना जीवाणू येतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना त्याचा धोका अधिक असतो, कारण या आजारात प्लीहा निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारख्या जीवाणूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम प्लीहाच करत असते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत हे रुग्ण किती आहेत, ते तिथल्या वाचकांना सांगायला नको. याच गटात स्क्रब टायफसही येतो. गवतातल्या आणि झुडपांतल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो, आणि पुष्कळदा चाव्याच्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. नेहमीची महागडी इंजेक्शने त्याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध चालते. खपली काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली लपलेली असते, त्यामुळे कपडे बाजूला करून कोणी पाहिलेच नाही, तर निदान हुकते आणि बरा होण्याजोगा माणूस व्हेंटिलेटरवर जातो. या गटातील बहुतेक जीवाणू अजून साध्या औषधांना दाद देतात, फक्त ते वेळेत ओळखले जावे लागतात.

दुसऱ्या गटाचे तसे नाही, आणि फवारणीच्या त्या रुग्णाचा ताप या दुसऱ्या गटातला आहे.

नळी जगवते आणि दारही उघडते

निरोगी माणसाच्या फुप्फुसांत जीवाणू शिरत नाहीत असे नाही. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरतेच. पण घशातला ठसका, श्वासमार्गातील झाडूसारखे हलणारे सूक्ष्म केस आणि ठणठणीत प्रतिकारशक्ती यांच्यामुळे ती बाहेर टाकली जाते. आता विषबाधेचा रुग्ण पाहा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने लाळ आणि छातीतला स्राव प्रचंड वाढतो, शुद्ध हरपते, उलटी होऊन तिचा अंश फुप्फुसात जाऊ शकतो आणि श्वासाचे स्नायू दुबळे होतात. श्वास चालू ठेवण्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत प्लास्टिकची नळी घालावी लागते, कारण तिच्याशिवाय तो काही मिनिटांत मरेल. मण्यार चावलेल्या माणसाचेही असेच होते. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात आणि काही दिवस यंत्राने श्वास द्यावा लागतो.

परंतु नळी घातली की ठसका संपतो, कारण ती घशाचे दार उघडेच धरून ठेवते. नळीभोवती आत फुगवलेला एक छोटा फुगा असतो. त्याच्यावर लाळ साचते आणि फुग्याच्या बाजूने थेंब थेंब खाली झिरपते. गंभीर आजारी माणसाच्या तोंडातले नेहमीचे सौम्य जीवाणू काही दिवसांतच मागे पडतात आणि त्यांच्या जागी रुग्णालयातले चिवट जीवाणू वस्ती करतात, त्यामुळे झिरपणारा प्रत्येक थेंब त्यांना फुप्फुसात पोहोचवतो. नळी घातल्यानंतर ४८ तास उलटल्यावर होणाऱ्या या न्यूमोनियाला व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया म्हणतात. सहाव्या दिवशीचा ताप पुष्कळदा याचाच असतो.

लघवीची नळी आणि मानेतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सलाईनची नळी यांचीही गोष्ट अशीच आहे. संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना नळीच्या आतला बुळबुळीत थर माहीत असेल. पाणी कितीही जोरात सोडले तरी तो सुटत नाही, त्यासाठी आम्ल किंवा क्लोरीन सोडावे लागते. रुग्णाच्या नळ्यांमध्ये जीवाणू असाच चिकट थर विणतात आणि त्याच्या आत बसतात. औषध त्या थरात नीट पोहोचत नाही, पोहोचले तरी आतले सुस्तावलेले जीवाणू त्याने सहज मरत नाहीत, आणि रुग्णाच्या शरीरात क्लोरीन तर सोडता येत नाही. अशा वेळी नळी काढून टाकणे किंवा बदलणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. म्हणूनच चांगल्या विभागात रोज सकाळी विचारले जाते की ही नळी आज खरोखर लागते आहे काय.

पलंगाभोवतीची मंडळी

हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये जीवाणूंना रंगवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही तो सोडून देतात आणि नंतर गुलाबी दिसतात. आजही आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा हाच आहे. गुलाबी दिसणाऱ्यांना ग्राम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्याभोवती एक जादा बाहेरचे आवरण असते, म्हणजे शेताला काटेरी कुंपण आणि त्याबाहेर पुन्हा तारेचे कुंपण. पुष्कळ औषधे त्या बाहेरच्या कुंपणावरच अडतात. भारतातल्या अतिदक्षता विभागांत या गुलाबी मंडळींचेच प्राबल्य आहे.

अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा त्यांतला सर्वांत त्रासदायक. बाहेरच्या निरोगी माणसाला तो क्वचितच आजारी करतो, पण कोरड्या पृष्ठभागावर, म्हणजे पलंगाच्या कठड्यावर, व्हेंटिलेटरच्या बटणावर, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावर, तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो आणि कोणाच्या तरी हाताची वाट पाहतो. क्लेब्सिएला हा आतड्यात राहणारा, भोवती जाड चिकट वेष्टण असलेला जीवाणू. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्याच्या ताटलीत वाढवला की त्याचे गोळे इतके ओलसर आणि चकाकते दिसतात की अनुभवी डोळा लांबूनच ओळखतो. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, रक्तातला संसर्ग, तिन्ही तो करतो. स्यूडोमोनासला ओल आवडते: बेसिन, नळाची तोटी, आर्द्रता देणाऱ्या यंत्रातले पाणी. त्याच्यामुळे पू हिरवट होतो आणि ताटली उघडली की द्राक्षासारखा गोडसर वास येतो. इतक्या घातक जीवाणूला असा वास असावा, याचे मला पहिल्या वर्षी फार नवल वाटले होते. ई. कोलायची ओळख वर झालीच आहे. लघवीच्या नळीतून तो वर चढतो.

जांभळ्या गटातला स्टॅफिलोकोकस ऑरियस पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात राहतो आणि शिरेतल्या नळीच्या छिद्रातून किंवा जखमेतून रक्तात शिरतो. कॅन्डिडासारख्या बुरशीही या विभागात त्रास देतात, पण त्या जीवाणू नव्हेत, म्हणून येथे त्यांना बाजूला ठेवतो.

यांपैकी कोणताही जीवाणू रक्तात शिरला की शरीर संरक्षणासाठी उठते, आणि कधीकधी हे संरक्षणच आवरेनासे होते. रानडुकरांना हाकलायला रात्री शेतात शिरलेल्या माणसांनी डुकरांपेक्षा अधिक तूर तुडवावी, तशी गत होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे लघवी करेनाशी होतात, फुप्फुसात पाणी झिरपते. संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या या अवस्थेला सेप्सिस म्हणतात, आणि पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब औषधाशिवाय टिकत नाही, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. दाखल्यावरच्या दोन शब्दांचा अर्थ हा आहे.

बोंडअळी आणि जीवाणू

संसर्ग कळला, जीवाणू कळला, तरी माणूस का जातो? याचे उत्तर विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे, कारण त्याने ही गोष्ट स्वतःच्या वावरात पाहिली आहे. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. गंमत म्हणजे तिच्यातले अळीनाशक द्रव्य तयार करणारे जनुक मुळात एका जीवाणूकडूनच घेतलेले आहे. पहिली काही वर्षे बोंडअळी दिसेनाशी झाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे सुधारित वाण आले. तरीही गुलाबी बोंडअळी हळूहळू दोन्हींना पुरून उरली आणि २०१७ मध्ये, म्हणजे विषबाधेच्या त्याच वर्षी, तिने इथल्या पऱ्हाटीची बोंडे आतून पोखरली.

अळी शहाणी झाली नव्हती. लाखो अळ्यांत मोजक्या अळ्या जन्मतःच अशा होत्या की त्यांना ते द्रव्य बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, आणि पुढची पिढी त्यांचीच झाली. हे लांबवण्यासाठीच ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाण्याची पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरली तर साध्या अळ्या जगतील, त्यांचा चिवट अळ्यांशी संकर होत राहील आणि चिवटपणा पातळ होईल, असा हिशोब होता. आपल्यापैकी किती जणांनी ती पुडी पेरली आणि किती जणांनी धुऱ्यावर फेकली, हे ज्याचे त्याने आठवावे.

प्रतिजैविकांचे नेमके हेच झाले आहे. औषधाचा मारा झाला की साधे जीवाणू मरतात, त्यांच्यासोबत आतड्यातले आपले निरुपद्रवी रहिवासीही मरतात, आणि रिकाम्या जागेत चिवट जीवाणू पसरतात. मात्र एका बाबतीत जीवाणू अळीच्या पुढे आहेत. बोंडअळी आपला चिवटपणा तुडतुड्याला देऊ शकत नाही. क्लेब्सिएला तो ई. कोलायला देऊ शकतो. जीवाणूंच्या आत डीएनएची छोटी सुटी कडी असतात, आणि दोन जीवाणू एकमेकांना चिकटले की अशा कड्याची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एका कड्यावर पाच-सहा औषधांना हरवण्याच्या युक्त्या एकत्र लिहिलेल्या असू शकतात. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलात अशीच एक युक्ती सापडली. २००९ मध्ये तिला नवी दिल्लीचे नाव देण्यात आले आणि आपल्याकडे त्यावरून मोठा वाद झाला. नावाचा राग समजण्यासारखा होता, पण जीवाणू मात्र खराच होता.

ही युक्ती म्हणजे कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांना कापून टाकणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम. मेरोपेनेम हे त्या गटातले इंजेक्शन आपल्याकडच्या औषधाच्या चिठ्ठ्यांवर अनेकांनी पाहिले असेल. पूर्वी ते शेवटचे अस्त्र मानले जाई. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचे एक जाळे उभारून जीवाणूंची नोंद ठेवली आहे. त्यातल्या अलीकडच्या अहवालांनुसार अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या साधारण दहा नमुन्यांपैकी नऊ नमुने मेरोपेनेमला जुमानत नाहीत, आणि क्लेब्सिएलाचे निम्म्याहून अधिक. ही मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांची आकडेवारी आहे, त्यामुळे प्रत्येक तालुक्याला ती जशीच्या तशी लावू नये. पण आपला गंभीर रुग्ण शेवटी रेफर होऊन अशाच मोठ्या रुग्णालयात पोहोचतो.

मग उरते कोलिस्टिन. १९५० च्या दशकात वापरात आलेले हे औषध मूत्रपिंडांना इजा करते म्हणून डॉक्टरांनी जवळजवळ सोडून दिले होते. दुसरे काही चालेना म्हणून ते अडगळीतून परत काढावे लागले. दरम्यान ते कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवण्यासाठी मिसळले जात होते, आणि जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. माणसाला शेवटचा उपाय म्हणून द्यायचे औषध कोंबडीला रोज चारले जात होते, हे वाक्य मी लिहितो तेव्हा आजही थांबतो.

रिपोर्टला तीन दिवस का लागतात?

“रक्त तर कालच घेतलं, अजून रिपोर्ट कसा नाही?” हा माझ्या खिडकीवरचा दुसरा नेहमीचा प्रश्न. साखर किंवा हिमोग्लोबिन यंत्रात मोजता येते. जीवाणू मात्र पेरून उगवावा लागतो. रक्त खास बाटलीत घालून उबेत ठेवतात, जीवाणू असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत त्याची चाहूल लागते, मग त्याला ताटलीवर पसरून वाढवतात, ओळखतात आणि वेगवेगळ्या औषधांसमोर त्याची परीक्षा घेतात. या तपासणीला कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी म्हणतात. रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे ‘एस’ हे अक्षर असेल तर ते चालते, ‘आर’ असेल तर चालत नाही. बी पेरल्यावर उगवायला लागतात तेवढे दिवस लागतात. बाटलीला घाई कळत नाही.

तोपर्यंत डॉक्टर हात बांधून बसत नाहीत आणि बसूही नये, कारण सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तासाला फार मोल आहे. त्या विभागात गेल्या काही महिन्यांत कोणते जीवाणू आढळले, यावरून अंदाजाने व्यापक औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर ते नेमक्या औषधावर उतरवतात. कटू बाब अशी की सुरू करण्याची घाई सगळीकडे दिसते, उतरवण्याची तत्परता फार थोड्या ठिकाणी. शिवाय कल्चरमध्ये काही उगवले म्हणजे संसर्ग झालाच असे नसते. घशातल्या नळीतून घेतलेल्या स्रावात जीवाणू सापडतोच. रुग्णाला ताप नसेल, क्ष-किरण चित्र स्वच्छ असेल, तर तो तिथे केवळ राहत असतो आणि त्याला मारण्यासाठी औषध देणे चुकीचे ठरते.

आता काही आक्षेप

म्हणजे चूक रुग्णालयाची? काही प्रमाणात होय. हे टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेतली नळी घालताना पाच साध्या गोष्टी काटेकोर पाळल्या: हात धुणे, अंगभर निर्जंतुक आच्छादन घेणे, क्लोरहेक्झिडिनने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो मांडीतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या नळीचे रक्तसंसर्ग दीड वर्षात ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाले. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. याचा अर्थ असा की असे अनेक संसर्ग टाळता येण्याजोगे असतात. दुसरीकडे हेही खरे की सगळे संसर्ग कोणीही टाळू शकलेले नाही, आणि एकाच सिस्टरच्या वाट्याला व्हेंटिलेटरवरचे चार रुग्ण असतील तर प्रत्येक स्पर्शाआधी हात स्वच्छ करणे किती जमेल, याचाही विचार करावा. मी एका ठिकाणी हात धुण्याच्या बेसिनचा नळ महिनाभर नादुरुस्त पाहिला आहे. भिंतीवर मात्र हात कसे धुवावेत याचे सुंदर रंगीत चित्र होते.

मग रुग्णाला आयसीयूत न्यायचेच नाही का? असा विचार कोणी करू नये. विषबाधा झालेला किंवा मण्यार चावलेला रुग्ण घरी ठेवला तर त्याला न्यूमोनिया होण्याइतका वेळच मिळणार नाही. नळीचा धोका हा जिवंत राहिल्यावरचा धोका आहे आणि बहुतेक रुग्ण तो पार करतात.

सर्वांत भारी औषध पहिल्याच दिवशी का दिले नाही? विषबाधेच्या पहिल्या दिवशी संसर्ग नसतो, आणि नसलेल्या संसर्गासाठी भारी औषध दिले तर सहाव्या दिवशी येणारा जीवाणू त्याच औषधाला न जुमानणारा असण्याची शक्यता वाढते. पैसे खर्च करायला तयार असलेल्या कुटुंबाला हे पटणे जड जाते. “कितीही लागू द्या, पण चांगलं औषध लावा” असे ते म्हणतात, आणि डॉक्टरही कधीकधी त्या दबावाला बळी पडतात.

गावातल्या दोन गोळ्यांनी काय बिघडते? येथे मला जरा थांबावेसे वाटते. सर्दी-तापाला सुई लावून घेण्याची आणि मेडिकलवरून दोन दिवसांच्या गोळ्या आणण्याची आपली सवय जुनी आहे. तो ताप बहुधा विषाणूचा असतो, म्हणून गोळीचा तापावर परिणाम शून्य. आतड्यातल्या जीवाणूंवर मात्र पुरेपूर. तोच माणूस पुढे अपघाताने किंवा विषबाधेने भरती झाला, तर चिवट जीवाणू तो घरूनच पोटात घेऊन येतो. म्हणूनच मार्च २०१४ पासून पुष्कळ भारी प्रतिजैविकांची विक्री नोंदवहीत डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह लिहिण्याचे बंधन घातले आहे. नियम आहे, पाळला किती जातो, ते तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलवर उभे राहून पाहता येते.

पण उलट टोकही चुकीचे आहे. गावात प्रतिजैविक देऊच नये असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीचा अनुभव आठवावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या प्रशिक्षित आरोग्यदूतांना नवजात बाळातला जीवाणू-संसर्ग ठरावीक लक्षणांवरून ओळखून घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि सोबत औषध द्यायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. दोन्हीकडे सुई गावातच दिली गेली. एका ठिकाणी लक्षणे मोजून, नेमक्या मात्रेत आणि नोंद ठेवून, दुसऱ्या ठिकाणी मागणीवरून.

दाराबाहेर बसलेल्यांनी काय करावे

नातेवाइकांना आत फार वेळ थांबू देत नाहीत, याचा राग येतो. आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा हाताला जंतुनाशक द्रव चोळा, बोटांच्या मधल्या बेचक्यांसह, तो सुकेपर्यंत. एका रुग्णाला हात लावून शेजारच्या पलंगाच्या कठड्याला टेकू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तीर्थ, अंगारा किंवा चमचाभर पाणी घालू नका; श्रद्धेचा प्रश्न नाही, ते सरळ फुप्फुसात जाते. अंगारा कपाळाला लावावा, पण तोही सिस्टरला विचारून.

डॉक्टरांना विचारायचे असेल तर असे विचारा: डोके उंच ठेवले आहे का, तोंडाची स्वच्छता रोज होते का, लघवीची नळी अजून लागते का, कल्चर पाठवले का आणि त्यात काय आले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवण्याने पोटातले अन्न-पाणी घशाकडे येण्याचे प्रमाण कमी होते. पलंग सपाट दिसला तर नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि रुग्ण बरा होऊन घरी आला, तर एक कागद जपा. रुग्णालयातले चिवट जीवाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या आतड्यात काही महिने, कधी वर्षभरही, त्याला कसलाही त्रास न देता राहू शकतात. सहा महिन्यांनी तोच माणूस लघवीच्या त्रासाने किंवा ऑपरेशनसाठी दुसऱ्या रुग्णालयात गेला, तर तिथल्या डॉक्टरला जुना कल्चर रिपोर्ट पाहून पहिल्याच तासाला योग्य औषध निवडता येते. डिस्चार्ज कार्ड लोक जपतात. कल्चरचा रिपोर्ट मात्र बिलांच्या गठ्ठ्यासोबत चुलीत जातो, कारण त्यावर नुसती परकी नावे आणि अक्षरे असतात. घरात सातबारा आणि पासबुक ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात, त्याच पिशवीत तो ठेवा.